वाटी भरलेली दिसते, पण पाखराने खाल्लं का?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: घरी आठ महिन्यांची कॉकॅटिएल (तुरा असलेला छोटा पोपट) आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीला. सकाळी सव्वासातला घर सोडायचं, रात्री आठला परत. आतापर्यंत सासूबाई घरी होत्या, त्या दिवसभर तिला काही ना काही भरवायच्या. त्यात चहात बुडवलेलं बिस्कीटही आलं. आता त्या गावी गेल्या. ताई सकाळी वाटीभर मिक्स दाणे घालून निघतात. पाखरू त्यातल्या सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या वेचतं. ठेवलेली भाजी संध्याकाळपर्यंत एक तर सुकते नाही तर आंबते. ताई विचारतात, बिचारी दिवसभर उपाशी राहत असेल का? ठरलेल्या वेळी दाणे टाकणारं मशीन घेऊ का? की सोबतीला दुसरा पक्षी आणू?

ताई, मी पक्ष्यांची डॉक्टर. माझा दवाखाना सकाळी साडेनऊला उघडतो आणि घरी यायला मलाही साडेआठ होतातच. घरात दोन कॉकॅटिएल आहेत. तेव्हा पुढे जे सांगते आहे ते निम्मं टेबलापलीकडून बघितलेलं आणि निम्मं माझ्याच स्वयंपाकघरातलं.

तुमचं पाखरू उपाशी बहुतेक राहत नसणार. कॉकॅटिएल मूळची ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या गवताळ भागातली. तिकडे ही पाखरं उजाडलं की थव्याने जमिनीवर उतरून गवताचं बी टिपतात, ऊन चढलं की झाडावर जाऊन बसतात आणि उन्हं कलली की पुन्हा उतरतात. पिंजऱ्यातही त्यांचं घड्याळ हेच. एकदा मी जुना मोबाइल पिंजऱ्यासमोर लावून दिवसभराचं चित्रण केलं होतं. अकरा ते साडेतीनपर्यंत बघण्यासारखं काही नाही. दोघं एका पायावर उभे, पिसं जरा सैल, मधूनच चोच घासण्याचा कुरकुर आवाज. चार वाजता एक जण खाली उतरला, दहा मिनिटांनी दुसरा, आणि मग अंधार पडेपर्यंत वाटीपाशी ये-जा चालूच.

म्हणजे तुमचं ऑफिस आणि तिची दुपारची विश्रांती बऱ्यापैकी जुळतात. अडचण आहे ती दिवेलागणीच्या आधीच्या जेवणाची. त्या वेळी पाखरू गळ्याखालची अन्नाची पिशवी भरून घेतं, रात्रभर पुरवायला. तुम्ही तेव्हा लोकलमध्ये असता. त्यामुळे माझ्या दृष्टीने खरा प्रश्न असा: संध्याकाळी पाच वाजता वाटीत काय शिल्लक असतं?

हे विचारण्याचं कारण आहे. कॉकॅटिएल आणि बजरीगर (त्याहून लहान, रंगीत पोपट) दाणा अख्खा गिळत नाहीत. चोचीत फिरवून सोलतात, गर खातात आणि फोलपट तिथेच वाटीत टाकतात. संध्याकाळपर्यंत वर फोलपटांचा थर साचतो आणि लांबून वाटी तुडुंब भरलेली दिसते. दरवर्षी गणपतीनंतर अशी एखादी केस येतेच. एक बजरीगर आठवते. घरची मंडळी तीन दिवस कोकणात गेली होती, शेजारच्या मुलाला सांगून की वाटी रिकामी झाली तरच दाणे घाल. वाटी रिकामी झालीच नाही. त्यांनी पाखरासोबत ती वाटीही आणली होती. मी फुंकर मारली, सगळं टेबलावर उडालं, आणि तळाशी राहिले मोजून सहा दाणे. तीस-पस्तीस ग्रॅमच्या जीवाला एवढा उपवास झेपत नाही. ते पाखरू वाचलं, पण सगळीच वाचत नाहीत.

म्हणून मशीनबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मशीन दाणे टाकेल, फोलपटं पाखडणार नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत दाणे अडकतात हे वेगळंच. शिवाय दिवसातून तीनदा ताजे दाणे पडले की तुमची राणी तीनदा फक्त सूर्यफूल वेचणार. त्याच पैशांत दोन स्टीलच्या वाट्या आणि एक डिजिटल काटा येतो. एका ग्रॅमपर्यंत मोजणारा, स्वयंपाकघरातला साधा काटा चालतो.

आता सकाळचं बघू, कारण नोकरी करणाऱ्यांच्या हातात खरी वेळ तीच असते. रात्रभर पिशवी रिकामी झालेली असते, त्यामुळे पाखराला कडकडून भूक लागलेली असते ती उठल्यावरच. आपण बहुतेक जण त्याच वेळी दाण्यांची वाटी लावतो आणि निघता निघता भाजीचा तुकडा अडकवतो. भूक भागल्यावर समोर कारल्याची भाजी आली तर आपण तरी खाऊ का? मी क्रम उलटा करते. उठल्यावर पिंजऱ्यावरचं कापड काढायचं, रात्रीची वाटी बाहेर काढायची आणि पहिली शीट पडली की वजन. मग ओलं खाणं लावायचं आणि आपण डब्याच्या तयारीला लागायचं. निघायच्या दहा मिनिटं आधी उरलेलं ओलं उचलायचं, कोरडे दाणे लावायचे, पाणी बदलायचं. वेगळा वेळ मोजला तर दहा-बारा मिनिटं.

ओल्यासाठी वेगळं चिरत बसू नका. डब्याची भाजी चिरतानाच, फोडणीत पडायच्या आधी, दोन चमचे बाजूला काढा. गाजर, लाल भोपळा, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मटार, ढोबळी मिरची, मोड आलेले मूग यांतलं त्या दिवशी घरात जे असेल ते. पालक रोज नको, त्यातल्या घटकांमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी चालेल. कांदा, लसूण, अॅव्होकॅडो, चॉकलेट, मीठ-तेल लागलेलं काहीही नको. आणि चहात बुडवलेलं बिस्कीट आता बंदच. सासूबाईंना माझं नाव सांगा, वाईटपणा मी घेते. एवढ्याशा देहाला चहातलं कॅफिन घातक आहे, आणि साखर-मैद्याने पोट भरलं की दाण्याकडेही लक्ष राहत नाही.

सकाळच्या गडबडीत एक जपा. पाखरू पिंजऱ्याबाहेर असो की आत, नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापत ठेवून अंघोळीला जाऊ नका. फार तापला की त्याच्या लेपातून निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतात, आणि माझ्याकडे आणेपर्यंत करण्यासारखं काही उरलेलं नसतं. डोशाला बिडाचा तवा काढा, डोसाही बरा होतो.

ती भाजी खात नाही म्हणता, तर त्याचं नवल नाही. तिला अजून ते अन्न वाटतच नाही. पहिल्यांदा खायला लावू नका, खेळू द्या. मेथीची छोटी जुडी धुऊन ओलीच पिंजऱ्याच्या वरच्या बाजूला उलटी टांगा. बऱ्याच कॉकॅटिएल आधी त्या ओल्या पानांत अंग घासून अंघोळ करतात, मग चावतात, मग एक दिवस गिळतात. दुसरी युक्ती म्हणजे गाजर अगदी बारीक किसून त्यात राळे (बाजरीसारखंच एक बारीक धान्य) मिसळणं. दाणे टिपताना कीस चोचीला लागतोच. तिसरी, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात खात्रीची: तिच्यासमोर तुम्ही खा. थव्याचं पाखरू आहे ते, दुसरा खातोय म्हणजे धोका नाही हे त्याला कळतं. माझी मोठी मादी भोपळ्याला तब्बल सात आठवडे शिवली नाही. आता भोपळा चिरताना सुरीचा आवाज आला तरी हाका मारते. तुमच्याकडे चार दिवसांत होईल की चार महिने लागतील हे पाखराच्या स्वभावावर आहे, त्याचं वेळापत्रक मी देऊ शकत नाही.

कोरड्या वाटीत काय असावं यावर दहा डॉक्टर दहा गोष्टी सांगतील. अर्धं खाणं पक्ष्यांच्या चांगल्या पेलेटचं (दळून एकत्र केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या) असेल तर उत्तम, कारण त्यात वेचून खाण्याची सोय नसते आणि ती दिवसभर वाटीत टिकतात. पण पेलेट महाग आहेत, सगळीकडे ताजी मिळत नाहीत, आणि सुट्या पुडीत मिळणाऱ्यांवर माझा भरवसा नाही. खर्च झेपत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. राळे जास्त, सोबत बाजरी, नाचणी, थोडी ज्वारी, चिमूटभर करडई असं मिश्रण घरी करा. राळे सालीसकट मिळाले तर बघा. दुकानदार त्याला कांग किंवा कंगनी म्हणतात, जसं कॉकॅटिएलला ते सर्रास 'कॉकटेल' म्हणतात. सोलण्यात पाखराचा वेळ जातो, आणि दिवसभर एकट्या असलेल्या पाखराला वेळ घालवायला काहीतरी लागतंच.

सूर्यफूल मात्र वाटीतून पूर्ण काढा, पण एकदम नाही. सोललेल्या सूर्यफुलात जवळजवळ निम्मी चरबी असते, राळ्यांत चारेक टक्के. सूर्यफुलावर वाढलेलं पाखरू दिसायला गुबगुबीत, आणि आत यकृत चरबीने भरलेलं. दाणे कुठलेही असोत, जीवनसत्त्व अ आणि कॅल्शियम त्यांत कमीच. भाजीवर माझा एवढा जोर आहे तो त्यामुळेच. (नाचणीत १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, ती त्यातल्या त्यात अपवाद.) कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेन (माकुळासारख्या समुद्री जीवाचं हलकं, पांढरं हाड) अडकवा. पेट शॉपमध्ये वेष्टनात घालून जे विकतात तेच काष्ठौषधीच्या दुकानात सुटं, निम्म्याहून कमी पैशांत मिळतं. पांढरं, कोरडं, वास न येणारं बघून घ्या, धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा.

किती घालायचं? नव्वद-शंभर ग्रॅमच्या पाखराला दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम कोरडं पुरतं. त्यातलं थोडं वाटीत, थोडं लपवून. मक्याच्या कणसाची पानं, करवंटी, छपाई नसलेल्या कागदाच्या पुरचुंड्या, काहीही चालतं. गावाहून कोणी येत असेल तर बाजरीची दोन-चार कणसं मागवा. अख्खं कणीस टांगलं की अर्धी दुपार त्यात जाते. फक्त पेरणीसाठी आणलेलं बियाणं कधीही घालू नका. त्याला औषध चोळलेलं असतं, बहुतेक वेळा गुलाबी रंगही असतो, पण रंग नाही म्हणजे औषध नाही असं समजू नका.

दाण्यांच्या वाट्या दोन ठेवा, पिंजऱ्याच्या दोन टोकांना. एक सांडली, एकीत शीट पडली तरी दुसरी राहते. पाण्याचंही तसंच. पाण्यात व्हिटॅमिनचे थेंब टाकून जाऊ नका, दिवसभरात ते पाणी नासतं आणि चव बदलली म्हणून पाखरू पितही नाही. निघताना पिंजऱ्यावर दुपारचं ऊन येणार नाही ना ते बघा. सकाळी सात वाजता सावलीत असलेला पिंजरा मे महिन्यात अडीच वाजता पश्चिमेच्या खिडकीत भाजत असतो, आणि तुम्हाला ते फक्त रविवारीच दिसतं.

मुंग्या हा डोंबिवलीकरांचाच नव्हे, सगळ्यांचाच प्रश्न. मुंग्यांच्या खडूने रेघ मारू नका, ते कीटकनाशक आहे. आपल्या आज्या शिंकाळं करायच्या किंवा फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, तेच पिंजऱ्याच्या स्टँडला करा. पावसाळ्यात दाणे महिन्याचे भरून ठेवू नका. पंधरा दिवसांचे आणा, कडकडीत कोरड्या बरणीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. जाळी धरलेले, कुबट वासाचे दाणे उन्हात घालून वाचवायच्या फंदात पडू नका. बुरशीचं विष उन्हाने जात नाही. शेंगदाणे आणि मका यात ते जास्त सापडतं, म्हणून मी पावसाळ्यात हे दोन्ही देतच नाही.

आता वजन. मी काट्याचा एवढा हट्ट का धरते? आजारी पक्षी आजार लपवतो. कळपात अशक्त दिसला तर शिकाऱ्याची नजर आधी त्याच्यावर जाते, म्हणून तो शेवटपर्यंत ठीक असल्यासारखं वागतो. सासूबाई घरी असताना त्यांना दिवसात कधीतरी जाणवलं असतं की आज ही गप्प आहे. तुम्हाला सकाळी पंधरा मिनिटं आणि रात्री तासभर मिळतो, आणि तुम्हाला बघून ती शिट्टी मारणारच. काटा फसत नाही. काट्यावर छोटी दांडी किंवा वाटी ठेवा, शून्य करा, एक सूर्यफुलाचं बी दाखवा, चार दिवसांत आपणहून येऊन उभी राहील. आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा, दूधवाल्याचा हिशेब लिहितो तसा. रोज दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे होणारच. सलग तीन-चार दिवस उतरतच राहिलं तर खाणं बदलायचं थांबवा आणि आधीचे दाणे द्या. नव्वदची एक्क्याऐंशी झाली, म्हणजे दहा टक्के गेले, तर सुट्टीची वाट न बघता पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.

वजनाच्या जोडीला पिंजऱ्याखालचा पेपर. रोज एकच ताजा पेपर घाला, तीन दिवसांचे थर नकोत. मग संध्याकाळी आल्यावर दिवसभर काय झालं ते त्यावर वाचता येतं. हिरवट-तपकिरी भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी असं असेल तर दिवस नीट गेला. शिटा नेहमीपेक्षा फार कमी, गडद हिरव्या आणि चिकट असतील तर दाणे फोडून टाकलेत, पण पोटात फारसं गेलेलं नाही असं समजा.

रात्री आठला आल्यावर काय? इथे बरेच जण प्रेमापोटी चूक करतात. दिवसभराची भरपाई म्हणून रात्री मऊ, ओलं, गोड खाणं आणि साडेअकरापर्यंत दिवे. पाखराला दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी, तुमच्या वेळांत निदान नऊ तरी. शिवाय मादी असेल तर लांबलेला उजेड आणि भरपूर मऊ खाणं म्हणजे अंडी घालायचा हंगाम आला अशी तिची समजूत होते. कॉकॅटिएलमध्ये नर नसतानाही लागोपाठ अंडी घालणाऱ्या माद्या मी खूप बघते, आणि कॅल्शियम कमी पडलेल्या मादीचं अंडं अडकलं तर जीवावर बेतू शकतं. तेव्हा आल्यावर अर्धा-पाऊण तास तिला बाहेर काढा, वाटीतून काढलेल्या सूर्यफुलातले चार-पाच दाणे हातून द्या (आता ते खाणं नाही, लाड आहेत), फोलपटं फुंकून वाटीत घासभर राळे घाला आणि नऊपर्यंत कापड टाका. टीव्ही त्याच खोलीत असेल तर पिंजरा रात्री दुसऱ्या खोलीत न्या. मग सकाळी सहाला ती ताजीतवानी उठते आणि तुमचं सकाळचं गणित जुळतं.

ज्यांचं पाखरू अजून स्वतः खायला शिकलेलं नाही त्यांना यातलं काहीच लागू नाही. हाताने भरवायचं पिल्लू जास्त माणसाळतं असं सांगून विकतात. त्याला दर चार-पाच तासांनी साधारण ३९ ते ४१ अंश तापमानाचं खाणं लागतं. गार झालं तर पिशवीत साचून आंबतं, जास्त गरम असेल तर पिशवी भाजते. दोघंही नोकरीला असताना असं पिल्लू घेऊ नये, एवढंच म्हणेन. आणि घरात आपला हिरवा देशी पोपट असलेल्यांनी हे वाचून वाट्या आणू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळताच येत नाही.

राहिला दुसऱ्या पक्ष्याचा प्रश्न. सोबत मिळेल हे खरं, थव्याचं पाखरू एकटं कंटाळतं हेही खरं. पण खाण्यापुरतं बोलायचं तर दोन पक्षी म्हणजे कोणी किती खाल्लं आणि कोणाची शीट कमी झाली हे कळायचं बंद. एक दांडगा निघाला तर दुसऱ्याला वाटीजवळ येऊ देत नाही, आणि ते तुमच्या माघारी घडतं. नर-मादी निघाले तर अंड्यांचं प्रकरण वेगळंच. त्यातून आणायचाच तर आधी हिचं वजन दोन महिने स्थिर आणि भाजी खाणं सुरू झालेलं असू द्या. नवा पक्षी निदान महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या वाट्यांवर ठेवावा लागतो. ते तुमच्या घरात जमेल का हे तुम्हालाच ठाऊक.

तोवर काटा आणा आणि येत्या रविवारी सकाळचं पहिलं वजन, सोबत त्या दिवशीच्या पेपरचा फोटो, पाठवा. त्यावरून सूर्यफूल आठवड्याला किती कमी करायचं ते सांगते.